ओल आणि ओळख

घर विकणे ही गोष्ट आपल्या समाजात आजही दबक्या आवाजात बोलली जाते. घर बांधले की कुराणखानी होते, मोहल्ल्यात न्याज वाटली जाते, मुंबईचे नातेवाईक गाडी करून येतात. घर विकायला काढले की मात्र घरच्या घरी कुजबुज सुरू होते आणि शेजाऱ्याला ती खबर दारात अनोळखी मोटार उभी राहिल्यावर लागते. यामागे लाज असते. वाडवडिलांची वास्तू आपल्या हातून गेली, ही बोच असते. त्यामुळे घर विकावे की विकू नये, यावर आपण पुष्कळ हळहळतो. पण विकायचे ठरल्यावर ते कसे विकावे, याविषयी फारसे कोणी बोलत नाही. मला या दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहायचे आहे. पहिला प्रश्न बहुतेक वेळा परिस्थितीच सोडवून टाकते. दुसरा आपल्या हातात असतो.

रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतल्या खाडीकाठच्या मुस्लिम मोहल्ल्यांतून फेरी मारली तर कुलूप लागलेली घरे जागोजाग दिसतात. या घरांतली माणसे आधी मुंबईच्या गोदीत आणि बोटींवर गेली, काही आफ्रिकेला गेली, १९७० नंतर आखातात गेली. तिकडचा पैसा त्यांनी इकडे चिऱ्याच्या भिंतींत ओतला. पुढची पिढी मीरा रोडला, मुंब्र्याला, नाहीतर दुबई-लंडनला स्थिरावली आणि घरात उरली ती म्हातारी आई. आई गेली की घर बंद. बंद घराला कोकणचा पाऊस दोन-तीन वर्षांत खायला लागतो. कौल सरकते, वाशाला वाळवी लागते, चिऱ्यातून पाणी झिरपते आणि आतल्या गिलाव्याला फुगे येतात. मग भावा-बहिणींचे फोन होतात आणि घर विकायचे ठरते.

इकडे गिऱ्हाईकही बदलले आहे. पूर्वी असे घर भावकीतला किंवा शेजारचा माणूस घ्यायचा. त्याला त्या घराचा वासा न् वासा पाठ असायचा. विहीर कोणत्या महिन्यात आटते, हे त्याला सांगावे लागत नसे. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, पुढे रस्ते रुंद होऊ लागले आणि मुंबई-पुण्याच्या सुस्थित माणसाला गावाकडे ‘सेकंड होम’ हवेसे वाटू लागले. हा नवा गिऱ्हाईक घर दोनदा पाहतो. एकदा मोबाईलवर आणि एकदा प्रत्यक्ष, तेही अर्धा तास. विकणाऱ्याला घराचे सगळे ठाऊक आणि घेणाऱ्याला काहीच नाही, अशी ही नवी स्थिती आहे. आपल्या प्रश्नाचे मूळ याच विषमतेत आहे.

अशी काही घरे विकली जाताना मी जवळून पाहिली आहेत. एजंट येतो, घरभर फिरतो आणि तयारीची यादी सांगतो. ती यादी थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखीच असते. पडवीतले सामान हलवा. माजघरातला अंधार घालवा, वर एक-दोन काचेची कौले बसवा. मागच्या अंगणातला संडास बंद करा, आत जोडून करा आणि कमोड बसवा. बैठक आणि माजघर यांच्यामधली भिंत, जिच्या दाराला आपल्या आया-बहिणींचा पडदा असायचा, ती पाडून एकच मोठा हॉल करा. झोपाळा, सागवानी दार, तांब्याचे हंडे मात्र ठेवा; लोकांना ते ‘अँटिक’ म्हणून आवडतात. सगळ्या भिंतींना पांढरा रंग द्या. कुटुंबाचे फोटो, काबा-मदिनेची तसबीर, आयतुल कुर्सीची फ्रेम उतरवा. दारावरचे ७८६ काढून टाका. चौकटीवरच्या चिऱ्यात हिजरी सन कोरला आहे, तो सिमेंटने बुजवता आला तर बघा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घर दिवाळीनंतर दाखवा. पावसाळ्यात नको, मे महिन्यात तर मुळीच नको.

या विद्येला अमेरिकेत ‘होम स्टेजिंग’ म्हणतात. गेल्या शतकाच्या सत्तरीत तिथे हा धंदा नावारूपाला आला आणि आता आपल्या शहरांतही पोहोचला आहे. त्याचा मूलमंत्र साधा आहे: घर घेणाऱ्याच्या डोळ्यांनी बघा. घरात तुमच्या खुणा जितक्या कमी, तितका घेणारा स्वतःला तिथे राहताना लवकर पाहू शकतो. यात मानसशास्त्र आहे आणि काही शहाणपणही आहे. म्हणून ही सारी यादी खोटेपणाची आहे, असे मी म्हणणार नाही. घर झाडणे, कौले चाळणे, अंगणातले गवत काढणे, उजेड आत घेणे यात गैर काय? स्वच्छता तर आपल्याकडे ईमानाचा भाग मानली गेली आहे. पाहुणा येणार म्हणून आपण चादर बदलतो, तेव्हा त्याला फसवत नाही; त्याचा मान राखतो. संडास-न्हाणी आत घेणे ही सोय आहे, आणि ती आईच्या हयातीत झाली असती तर अधिक बरे झाले असते, असेही कोणाला वाटेल. त्यातही गंमत अशी की, आपल्या जुन्या लोकांनी संडास बांधताना बसणाऱ्याचे तोंड किंवा पाठ किब्ल्याकडे, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेला, होऊ नये याची काळजी घेतलेली असते. आणि येणारा गिऱ्हाईक वास्तुतज्ज्ञाला घेऊन ईशान्य कोपरा शोधत असतो. दिशेची चिंता दोघांनाही आहे. हा काही भांडणाचा विषय नव्हे.

अडचण पुढे सुरू होते. झाडणे, सजवणे आणि झाकणे या तीन क्रिया आहेत. पण एजंटच्या यादीत त्या एकाच दमात सांगितल्या जातात. पांढरा रंग तिन्ही कामे करतो. मळलेल्या भिंतीवर तो सफाई असतो, अंधाऱ्या भिंतीवर सजावट आणि ओल आलेल्या भिंतीवर पडदा. डबा तोच, ब्रश तोच. फरक असतो तो फक्त विकणाऱ्याच्या मनात, आणि तिथे एजंटला किंवा गिऱ्हाईकाला शिरता येत नाही.

ओल आणि विक्री यांचा संबंध आपल्या परंपरेला नवा नाही. हदीसमधला एक प्रसंग पुष्कळांना माहीत असेल. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला. वर कोरडे दिसणारे धान्य आत ओले लागले. विक्रेत्याने सांगितले की, ते पावसात भिजले. त्यावर प्रेषितांचा सवाल असा होता की, मग ते भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस? आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाही, हेही त्यांनी तिथेच स्पष्ट केले. या प्रसंगात एक बारीक गोष्ट आहे. विक्रेता खोटे बोललेला नाही. विचारल्यावर त्याने खरे तेच सांगितले. धान्यात भेसळही नव्हती. पाऊस अल्लाहचाच होता. त्याचा दोष एवढाच की, विचारीपर्यंत तो थांबला. आपण मात्र नेमके याच सबबीवर निर्धास्त असतो. ‘त्यांनी विचारलेच नाही’ हे वाक्य घरविक्रीच्या व्यवहारात किती वेळा ऐकू येते! दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत पांढऱ्या भिंतीपुढे उभा राहिलेला पुण्याचा माणूस ओलीविषयी विचारणार तरी कसा? ज्याला प्रश्नच ठाऊक नाही, त्याच्या गप्प बसण्याला संमती म्हणता येत नाही.

फिकहमध्ये यासाठी खियार-ए-ऐबची तरतूद आहे. माल घेतल्यावर आधीपासूनचा लपलेला दोष निघाला तर घेणाऱ्याला तो परत करण्याचा अधिकार राहतो. विकणारा आणि घेणारा यांनी खरे सांगितले आणि दोष उघड केले तर व्यवहारात बरकत, लपवले तर बरकत पुसली जाते, अशा आशयाची हदीस आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. इमाम अबू हनीफा हे कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराने एक सदोष कापड दोष न सांगता विकले, तेव्हा त्यांनी त्या व्यवहाराची सगळी रक्कम दान करून टाकली, अशी कथा परंपरेने सांगितली जाते.

कोणी म्हणेल, हे झाले धर्माचे. व्यवहार कायद्याने चालतो. मग कायदा पाहू. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ सालचा आहे. त्याच्या ५५व्या कलमाप्रमाणे मालमत्तेतला किंवा मालकीहक्कातला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सापडला नसता, तो सांगणे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. न सांगणे ही लबाडी ठरते. नव्या इमारतींसाठी २०१६ सालचा रेरा कायदा बिल्डरला ताबा दिल्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातील दोषांना जबाबदार धरतो. बिल्डरांनी फसवले म्हणून आपण तावातावाने बोलतो, ते योग्यच आहे. पण आपले जुने घर विकताना आपणही त्या खुर्चीवर बसलेलो असतो, हे विसरतो.

खरी हरकत पैशाची असते. ‘सगळे सांगत बसलो तर भाव पडेल.’ पडेलही. पण भाव पडतो म्हणजे काय होते, हे नीट पाहावे. समजा, छप्पर उतरवून वासे बदलायला तीन लाख लागणार आहेत. दोष सांगितला तर किंमत साधारण तेवढी खाली येईल. म्हणजे ते तीन लाख कधी आपले नव्हतेच; ते छपराचे होते. लपवून घेतले तर आपल्या छपराचा खर्च आपण दुसऱ्याच्या खिशातून केला. ज्याला भाव पाडायचा नाही, त्याला दुरुस्तीचा मार्ग मोकळा आहे. ज्याच्याकडे दुरुस्तीला पैसे नाहीत, त्याला सांगण्याचा मार्ग मोकळा आहे. आणि गरिबी ही लपवण्याची सबब होऊ शकत नाही, कारण सांगायला पैसे लागत नाहीत.

कायद्याच्या त्या कलमात मालकीहक्कातील दोषाचाही उल्लेख आहे, आणि आपल्या घरांच्या बाबतीत मला तो भिंतीच्या ओलीपेक्षा खोल वाटतो. बाप मरण पावला, मागे बायको, दोन मुलगे आणि दोन मुली असतील तर शरीअतप्रमाणे घराचे अठ्ठेचाळीस भाग कल्पावे लागतात. त्यांतले सहा आईचे, चौदा-चौदा मुलग्यांचे आणि सात-सात मुलींचे. हे सात भाग भावाची मेहेरबानी नाहीत. आई-बापांनी मागे ठेवलेल्यात, थोडे असो वा फार, स्त्रियांचाही हिस्सा आहे, हे सूरह निसामध्ये स्पष्ट आहे. प्रत्यक्षात काय होते? गिऱ्हाईक पक्के झाले की बहिणींना बोलावणे जाते. मटणाचे जेवण होते, एकेक साडी दिली जाते आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. ‘माहेर तुटू नये’ म्हणून ती सही करते. घराला रंग देण्याआधी उरकायची ही एक ‘तयारी’च असते. तलाक, पोटगी, शरीअत यांवर सभा गाजवणारे आपले पुढारी या सात भागांविषयी क्वचितच तोंड उघडतात. बहिणीने खुशीने सोडले तर तो तिचा अधिकार. पण खुशी तेव्हाच म्हणावी, जेव्हा घर कितीला जाते आहे आणि तिच्या सात भागांचे किती होतात, हे तिला सही करण्याआधी सांगितलेले असते. खरेदीखतावर एक रक्कम आणि हातात वेगळी रक्कम, हा प्रकारही याच जातीचा. बँकेच्या व्याजाला हात न लावणारे गृहस्थ मुद्रांक शुल्क चुकवण्यासाठी वरची रोकड बिनदिक्कत मोजून घेतात, तेव्हा हराम-हलालचा हिशोब आपण फारच सोयीने मांडतो, असे म्हणावे लागते.

आता यादीतल्या दुसऱ्या भागाकडे येतो. फ्रेम उतरवा, ७८६ काढा, हिजरी सन बुजवा. हे ऐकून आपल्यापैकी अनेकांच्या मनात कळ उठते, आणि ती उठणे साहजिक आहे. पण रागाने उत्तर देण्याआधी प्रश्न नीट वेगळा करायला हवा.

आयतुल कुर्सीची फ्रेम आपली आहे. ती आपण आपल्या हातांनी, वुजू करून उतरवावी आणि सोबत न्यावी. नव्या मालकाच्या घरात ती ठेवून जाणे हा ना तिचा मान, ना त्याचा. अब्बांचा फोटो, अम्मीचा जानमाज, कोनाड्यातले कुराणशरीफ, हे सगळे आपल्याबरोबर जाणारे सामान आहे. त्यासाठी एजंटने सांगण्याचीही गरज नाही. चौकटीवरच्या चिऱ्यात कोरलेला सन मात्र घराचा आहे. तो कोरणाऱ्या गवंड्याचा धर्म कोणता होता, हे आज कोणी सांगू शकणार नाही. तो त्या घराचा जन्मदाखला आहे. नव्या मालकाला तो नको असेल तर त्याने खुशाल काढावा, घर त्याचे आहे. पण तो येण्याआधीच आपण छिन्नी घेऊन बसायचे, ते कशासाठी? ‘हे मुसलमानांचे घर होते हे लगेच कळू नये’ एवढ्यासाठी. झोपाळा आणि हंडे ठेवायचे आणि त्यांवर बसणारी, त्यांत पाणी भरणारी माणसे पुसायची. बाजाराला जुनेपणा हवा असतो, त्याचा इतिहास नको असतो.

माझ्या मते या सगळ्या तयारीतला मोठा घोटाळा इथे आहे. भिंतीची ओल हा ऐब आहे. घरात कोण राहत होते, ही ओळख आहे. ऐब सांगायचा असतो, कारण तो घेणाऱ्याचे नुकसान करतो. ओळख हा ऐबच नव्हे. त्यामुळे ती दोष म्हणून कबूल करायची गरज नाही आणि दोष म्हणून लपवायचीही नाही. बाजार मात्र दोन्हींवर एकच ब्रश फिरवतो. त्याहून वाईट म्हणजे आपणही हळूहळू दोन्ही गोष्टी एकाच शरमेने झाकायला शिकतो. ओल सांगायला आपण लाजत नाही असे नाही. पण नाव सांगायला लाजू लागलो तर ती लाज घर विकून संपत नाही. ती पुढच्या भाड्याच्या घरापर्यंत आपल्याबरोबर येते.

यावर कोणी म्हणेल, हे लिहायला सोपे आहे. नाव कळल्यावर गिऱ्हाईक पाठ फिरवते तेव्हा काय करायचे? हे खरे आहे आणि ते कमी लेखण्यात अर्थ नाही. शहरात नाव ऐकून फ्लॅट नाकारला गेल्याचा अनुभव आपल्यातल्या पुष्कळांच्या गाठीशी आहे. १९९२-९३च्या मुंबई दंगलीनंतर मुंब्र्यासारखी वस्ती किती झपाट्याने वाढली, हे आपण पाहिले आहे. अहमदाबादच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व पारशांपुरते मर्यादित ठेवले होते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो पोटनियम ग्राह्य धरला. अशा हवेत एखाद्या गरजू माणसाने दारावरचे ७८६ काढले तर मी त्याला दोष देणार नाही. त्याने कोणाला फसवलेले नाही; फसवणूक त्याच्यावर लादली गेली आहे. मी एवढेच म्हणेन की, ते काढताना त्याने मनाशी ओल आणि ओळख यांतला फरक जागा ठेवावा.

मात्र हाच न्याय आपल्यालाही लागू होतो. आपल्या मोहल्ल्यातले घर विकायला निघाले की, ‘बाहेरच्याला देऊ नका’ असा निरोप जमातीकडून येतो. या निरोपामागे भीती असते, ती मी समजू शकतो. पण ‘बाहेरचा’ म्हणजे कोण, याची यादी वाढत जाते. आधी हिंदू, मग दुसऱ्या मसलकचा, मग खाटीक-पिंजारी-बागवान म्हणून आपणच हलका ठरवलेला. तिथे आपणही माणसाची ओळख ऐब म्हणून मोजत असतो. शुफा म्हणजे अग्रहक्काच्या बाबतीत आपल्या मजहबांत फरक आहे. देशावरच्या हनफींत शेजाऱ्यालाही हा हक्क मानला आहे, कोकणातल्या शाफईंत फक्त हिस्सेदाराला. शेजारीपणाच्या आधाराचा हा हक्क १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने घटनेत बसत नाही असे ठरवले. हक्क म्हणून तो गेला, ते ठीकच झाले. पण शिष्टाचार म्हणून त्यातला सार घेता येतो. विकण्याआधी शेजाऱ्याला सांगावे, आणि विकल्यावर नव्या माणसाला शेजाऱ्याच्या दारात नेऊन ओळख करून द्यावी. मग तो जोशी असो, कांबळे असो की परकार. जाणाऱ्याने येणाऱ्यासाठी करावी, अशी ही सर्वांत कमी खर्चाची तयारी आहे.

घेणाऱ्याच्या डोळ्यांनी घर पाहा, हा स्टेजिंगवाल्यांचा मंत्र मला नाकारायचा नाही. उलट तो अर्धवट सोडू नये, असे मला वाटते. स्वतःसाठी जे आवडते ते आपल्या भावासाठी आवडेपर्यंत ईमान पुरे होत नाही, ही शिकवण आपल्या कानांवरून गेलेली आहे. मग घेणाऱ्याचे डोळे त्याला मोहात पाडण्यापुरतेच का उसने घ्यायचे? त्याच डोळ्यांनी विचारावे: हे घर मी घेत असतो तर मला काय कळायला हवे होते? पश्चिमेच्या भिंतीला आषाढात ओल येते. विहीर मे महिन्यात तळ गाठते. माडीच्या दोन वाशांना वाळवी होती, ते बदलले आहेत, बाकीचे पाहून घ्या. मागची वाडी गावठाणात नाही, तिचा सातबारा वेगळा आहे आणि बिगरशेतकऱ्याला ती घेता येणार नाही. बहिणींच्या सह्या झाल्या आहेत आणि त्यांचे पैसे त्यांच्या खात्यात जमा होतील. एवढे एका कागदावर लिहून गिऱ्हाईकाच्या हातात द्यावे. घर झाडावे, रंगवावे, उजेड आत घ्यावा आणि जमले तर एकदा पावसातही दाखवावे. काही गिऱ्हाईके परत जातील. जो राहील, तो ओल पाहून आणि नाव ऐकून राहिलेला असेल.

खरेदीखत झाल्यावर पहिला पाऊस येईलच. त्या रात्री कौलांखाली बसून नव्या मालकाने आपले नाव कोणत्या शब्दांत काढावे, हे घर विकायला काढण्याआधीच ठरवावे.